स्थानिक बातम्यांतून समाजाचे प्रश्न आणि संधी कशा ओळखाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज पेपर वाचतो, तरी आपल्या भागात नेमकं काय बिघडलंय असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. असं का होतं?

कारण बातमी घडलेल्या गोष्टीची होते, घडत राहिलेल्या गोष्टीची क्वचितच होते. पूल कोसळला की पहिल्या पानावर येतो. त्याच्या खांबांखालची माती दहा वर्षं थोडी थोडी वाहून जात होती, पण त्या दहा वर्षांतल्या कुठल्याच दिवशी ती बातमी नव्हती. योहान गाल्टुंग आणि मारी रुगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी १९६५ साली काँगो, क्युबा आणि सायप्रसमधल्या पेचप्रसंगांच्या बातम्या चार नॉर्वेजियन वर्तमानपत्रांतून तपासल्या आणि कोणती घटना बातमी होते याचे बारा निकष मांडले. त्यातला एक निकष वेळेचा आहे. एका अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंत जी गोष्ट घडून पुरी होते, ती बातमीत सहज बसते. सावकाश वाढत जाणारी गोष्ट बसत नाही.

समाजाचे बहुतेक खरे प्रश्न मात्र सावकाशच वाढतात. म्हणून आजची बातमी आज वाचून बाजूला ठेवली तर हाती फारसं काही लागत नाही. तीन महिन्यांच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र दिसू लागतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

एका लहानशा बातमीपासून. मोठ्या बातमीवर सगळेच बोलत असतात. आतल्या पानावरची, एका कॉलमाची बातमी घ्या आणि ती शब्द न् शब्द वाचा. नमुन्यादाखल अशी एक बातमी धरू: ‘बाजाराजवळील मुख्य रस्त्यावर काल पुन्हा पाणी साचले. वाहतूक दोन तास ठप्प होती. नागरिकांनी नाराजी व्यक्त केली. नालेसफाई लवकरच करण्यात येईल, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.’

चार वाक्यं आहेत. त्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘पुन्हा’ हा शब्द. बातमीदाराने तो सवयीने लिहिला असेल, पण तो सांगतो की हे आधीही झालं होतं. कधी? किती वेळा? पाऊस जास्त झाला तेव्हाच, की थोड्या सरीतही? ‘दोन तास’ हा वाहतुकीचा हिशेब झाला. त्या रस्त्याकडेच्या घरांत पाणी किती वेळ होतं, ते बातमीत नाही. ‘नागरिकांनी’ म्हणजे कोणी? गाडीत अडकलेल्यांनी, की तिथे राहणाऱ्यांनी? दोघांचं दुखणं एकच नसतं. आणि शेवटी ‘लवकरच’ आणि ‘करण्यात येईल’. करणारा कोण, तारीख कोणती, दोन्ही गायब आहेत.

या बातमीखाली वहीत मी एवढंच लिहीन: पाणी साचण्याची नोंद, जागा, तारीख, दिलेलं आश्वासन. आणि पुढच्या वेळी तिथे पाणी साचलं की त्याच पानावर दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीनंतर प्रश्न नालेसफाईचा आहे की नाल्याच्या उताराचा, असं विचारायला तुमच्याकडे आधार असतो. सफाई झाल्यावरही पाणी साचत असेल, तर दोष बहुधा गाळात नसतो.

असे आणखी कोणते शब्द हेरावेत?

‘वारंवार’, ‘अद्याप’, ‘अनेक वर्षांपासून’, ‘रखडलेले’, ‘मनुष्यबळाअभावी’, ‘निधीअभावी’, ‘तांत्रिक कारणास्तव’. त्यातही ‘अद्याप’ दिसला की थांबा. त्याचा अर्थ कुणीतरी कधीतरी शब्द दिला होता.

कात्रणांची वही ठेवावी, की फोनवर फोटो पुरेत?

जे तुम्ही खरोखर पुन्हा उघडाल ते ठेवा. फोटोंचा ढीग होतो आणि त्यात काही सापडत नाही, असा माझा अनुभव. मी वही वापरते. विषयवार पानं पाडायची चूक सुरुवातीला केली होती; ‘आरोग्य’, ‘रस्ते’, ‘शिक्षण’ अशी. पण दवाखान्यात डॉक्टर नाहीत ही बातमी आरोग्यात आणि तिथे जाणारी बस बंद झाली ही बातमी वाहतुकीत गेली, आणि दोन्हींचा संबंध मला पाच महिने दिसला नाही. तेव्हापासून पानं जागेवार आहेत. एक वस्ती, एक पान. एकाच जागेवर निरनिराळ्या खात्यांच्या अडचणी एकमेकींना कशा जखडतात ते त्यामुळे लगेच कळतं.

प्रत्येक नोंदीला तारीख हवीच. आणि बातमीत सांगितलेलं व तुम्हाला वाटलेलं वेगळ्या शाईने लिहा. वर्षभराने स्वतःचाच अंदाज बातमी समजून वाचला जाण्याचा धोका खरा आहे.

पेपरचा कोणता भाग लोक वाचत नाहीत, पण वाचायला हवा?

जाहीर नोटिसा, निविदा, नोकरीच्या जाहिराती आणि वाचकांची पत्रं. नोटीस वाचायला रूक्ष असते, पण काय होणार आहे ते होण्याआधीच ती सांगते. बातमी सहसा नंतर येते. जमिनीचा वापर बदलायचा आहे, हरकती अमुक दिवसांत कळवा, अशी नोटीस एका चौकटीत येऊन जाते. मुदत संपल्यावर आंदोलनाची बातमी होते. तीच निविदा तिसऱ्यांदा निघाली असेल तर कामाला ठेकेदार का मिळत नाही, हा प्रश्न आहे. परिचारिकेच्या एकाच जागेची जाहिरात वर्षभर दर दोन महिन्यांनी येत असेल तर ती जागा रिकामी आहे, किंवा कुणी टिकत नाही. प्रश्न म्हणून ते गंभीर आहेच. पण जवळपास परिचारिकेचं शिक्षण देणारी संस्था असेल, तर तिथल्या मुलींसाठी ती चालून आलेली संधीसुद्धा आहे.

आर्थिक पानावरची बातमीही सोडू नका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराचं उदाहरण मला वारंवार आठवतं. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी या शहराने डेट्रॉइटहून येणारं पाणी थांबवलं आणि फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. पाण्याला रंग आणि वास येतो, अशा तक्रारी लवकरच सुरू झाल्या. पाणी ठीक आहे, असं अधिकारी सांगत राहिले. ऑक्टोबर २०१४ मध्ये एक बातमी आली: जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांच्या कारखान्यात हे पाणी वापरणं बंद केलं, कारण त्यातल्या क्लोराइडमुळे सुटे भाग गंजत होते.

वाचायला ही एका कारखान्याची बातमी होती. पण ज्या पाण्याने लोखंड गंजतं, ते घराघरांतल्या जुन्या नळांमधून जाताना काय करत असेल? उत्तर यायला जवळपास वर्ष गेलं. सप्टेंबर २०१५ मध्ये मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी शहरातल्या मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढल्याचं आकडेवारीनिशी जाहीर केलं. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यावर करायची प्रक्रिया केलेलीच नव्हती आणि शिशाच्या नळांतून शिसं पाण्यात उतरत होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं. मधल्या वर्षात मुलं तेच पाणी पीत होती. रहिवाशांच्या तक्रारी आणि कारखान्याची बातमी एकाच वेळी उपलब्ध होती, हे विसरता येत नाही.

प्रश्न दिसतात, पण बातमीत संधी कुठे असते? सगळं रडगाणंच छापलेलं असतं.

संधी बातमीच्या मथळ्यात नसते. ती शोधायला उलटा प्रश्न विचारावा लागतो: हे कुठे झालं नाही?

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलराची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी सरकारी नोंदणी कार्यालयातून मृत्यूंची यादी मिळवली आणि ती घरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेली आहेत, म्हणजे साथ त्या पंपाच्या पाण्यातून पसरते आहे, हे दाखवलं. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण त्यांनी जिथे माणसं मेली नाहीत त्या जागाही तितक्याच बारकाईने पाहिल्या, हे कमी सांगितलं जातं. जवळच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या संस्थेत, पाचशेहून अधिक माणसं राहत होती आणि तिथे फक्त पाच मृत्यू झाले होते. त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावरच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातले कामगारही बचावले होते. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला.

अशीच नजर व्हिएतनाममध्ये उपयोगी पडली. १९९०च्या सुमारास तिथल्या गरीब गावांत बालकुपोषण मोठं होतं. सेव्ह द चिल्ड्रन संस्थेसाठी काम करणाऱ्या जेरी आणि मोनिक स्टर्निन या दांपत्याने गावकऱ्यांनाच विचारलं: तितक्याच गरीब घरातली, तरी नीट वाढलेली मुलं आहेत का? होती. त्या घरांतल्या आया भातखाचरातले बारीक खेकडे-कोळंबी आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या. बाहेरून काही आणावं लागलं नाही. शेजारच्या घरात जे चालू होतं, ते इतर आयांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं.

आता पेपरकडे या. ‘तालुक्यातील सात शाळांची पटसंख्या घटली’ अशी बातमी आली की आठव्या शाळेचा पत्ता शोधा. तिथे काय वेगळं आहे, हे पाहून येणं एका सकाळचं काम आहे.

याखेरीज सत्कार, स्पर्धा, निवृत्ती, छोट्या उद्घाटनाच्या बातम्या जपून ठेवाव्यात असं मी मनापासून सांगते. त्यात आपल्या भागातल्या माणसांचं कसब नोंदलेलं असतं: निवृत्त झालेला वीजतंत्री, जुनी भांडी दुरुस्त करणारी महिला मंडळी, पोहण्यात पदक मिळवलेली मुलगी. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी १९९३ साली हाच आग्रह धरला होता. वस्तीच्या उणिवांची यादी करत गेलं की तिथल्या माणसांकडे मदत घेणारे म्हणूनच पाहिलं जातं. त्याऐवजी कोणाला काय येतं, कोणती मंडळं आहेत, कोणत्या जागा रिकाम्या आहेत, याची यादी आधी करा, असं ते सांगत. एकीकडे प्रश्नांचं पान आणि समोर कसबांचं पान ठेवलं की जोड्या आपोआप लागतात. बंद पडलेली इमारत आणि बसायला जागा नसलेला अभ्यासगट या दोन्ही बातम्या बहुतेक वेळा एकाच महिन्यात छापलेल्या असतात.

‘५० टक्क्यांनी वाढ’ असं वाचलं की घाबरायला होतं. आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

टक्केवारीआधी मूळ संख्या पाहा. दोन अपघातांचे तीन झाले तरी वाढ ५० टक्केच, आणि दोनशेचे तीनशे झाले तरी तितकीच. पहिल्यात योगायोगाला भरपूर जागा आहे, दुसऱ्यात फारशी नाही. मग विचारा: किती काळात, आणि किती लोकांमागे? लोकसंख्या दुप्पट झालेल्या भागात तक्रारी दुप्पट होणं म्हणजे परिस्थिती होती तिथेच असणं. आणि तक्रारी वाढणं नेहमी वाईट नसतं. तक्रार करायला फोन क्रमांक मिळाला, म्हणूनही त्या वाढतात.

बातमी एकाच माणसाची करुण कहाणी सांगते. त्यावरून भागाचा प्रश्न समजता येतो का?

तेवढ्यावरून नाही. आणि इथे आपलं मन आपल्याला फसवतं. राजकीय संज्ञापनाचे अभ्यासक शान्तो अय्यंगार यांनी १९९१ साली दूरचित्रवाणीच्या बातम्यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गरिबीसारख्या विषयावरची बातमी एका व्यक्तीच्या गोष्टीतून दाखवली की प्रेक्षक दोष त्या व्यक्तीकडे देऊ लागत. तीच बातमी व्यापक परिस्थितीसह मांडली की समाज आणि सरकार यांच्याकडे पाहत. म्हणजे मांडणी बदलली की ‘चूक कोणाची’ याचं उत्तरही सरकतं.

म्हणून अशी बातमी वाचून झाल्यावर त्या माणसाचं नाव मनातल्या मनात काढून टाका आणि वाक्य पुन्हा वाचा. ‘अमुक आजी पेन्शनसाठी सहा वेळा कार्यालयात गेल्या’ याचं ‘पेन्शनसाठी सहा वेळा कार्यालयात जावं लागतं’ असं होतं. हे दुसरं वाक्य तपासता येतं. आणखी पाच जणांना विचारलं की पुरे.

जे छापूनच येत नाही, त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅलिफोर्नियातल्या बेल या सुमारे ३५ हजार वस्तीच्या शहराच्या कारभारावर नियमित लक्ष ठेवणारं वर्तमानपत्र उरलं नव्हतं. २०१० साली लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन बातमीदार शेजारच्या मेवूड शहराची बातमी करत होते. ते शहर आपले सगळे कर्मचारी काढून कारभार बेलकडे सोपवायला निघालं होतं. त्या चौकशीत बेलकडे लक्ष गेलं आणि उघडकीला आलं की तिथला नगर व्यवस्थापक वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर पगार घेत होता, आणि तोही एका गरीब, कष्टकरी वस्तीच्या शहरात. त्या बातम्यांच्या मालिकेला २०११ साली लोकसेवेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं; व्यवस्थापकाला पुढे तुरुंगवास झाला. बेलच्या रहिवाशांनी कितीही निष्ठेने पेपर वाचला असता, तरी त्यांना हे दिसलं नसतं. ते कुणी लिहीतच नव्हतं.

एकट्या अमेरिकेत २००५ ते २०२२ या काळात एक चतुर्थांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली. म्हणून आपल्या वहीत महिन्याच्या शेवटी एक नजर टाका: कोणत्या वस्तीचं पान कोरं आहे? तिथे सगळं ठीक आहे असं गृहीत धरू नका. तिथे बातमीदार जात नसेल, तिथल्या लोकांना पेपरशी बोलण्याची सवय नसेल, किंवा भीती वाटत असेल. कोऱ्या पानाची वस्ती आधी पाहून यावी.

सोशल मीडियावरच्या स्थानिक गटांतले मेसेज चालतील का?

सुगावा म्हणून चालतील, पुरावा म्हणून नाही. फॉरवर्ड केलेल्या फोटोला तारीख आणि जागा नसेल तर तो वहीत घेऊ नका. मात्र एकाच गल्लीतल्या चार वेगवेगळ्या घरांनी स्वतःच्या शब्दांत सारखीच तक्रार लिहिली असेल, तर ती कुठल्याही छापील बातमीइतकी गंभीरपणे घ्या.

प्रश्न पक्का दिसतोय. आता उपाय सुचवू का?

आधी त्या जागी जा आणि ज्यांना त्रास होतो त्यांच्याशी बोला. हे मी आग्रहाने सांगते, कारण माझ्याकडून इथेच चूक झाली आहे. एका वाचनालयात ज्येष्ठ वाचक कमी झाल्याची बातमी मी दोनदा वाचली. मोठ्या टायपातली पुस्तकं हवीत, असं मी ठरवून टाकलं. देणगीसाठी दोन जणांशी बोलूनही झालं. मग तिथे गेले. दाराशी तीन उंच पायऱ्या होत्या आणि धरायला कठडा नव्हता. पूर्वी एक कठडा होता, दुरुस्तीत काढला होता. त्याचे लोखंडाचे दोन कापलेले तुकडे भिंतीत अजून दिसत होते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका काकांनी सांगितलं, ‘‘चढायला जमतं हो, उतरायची भीती वाटते.’’ हे कुठल्याही बातमीत नव्हतं आणि कुठल्याही बातमीत आलंही नसतं.

ब्रॉड स्ट्रीटच्या साथीतही हेच दिसतं. साथीची सुरुवात कोणत्या घरातून झाली असावी, त्याचा छडा हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण धर्मगुरूने लावला. त्याला स्नो यांचं म्हणणं सुरुवातीला पटलेलं नव्हतं. पण तो त्या घरांतल्या माणसांना नावानिशी ओळखत होता, म्हणून ती त्याच्याशी बोलली.

मिळालेली माहिती कोणाकडे न्यावी? बातमीदाराकडे की कार्यालयात?

साधारणपणे आधी कार्यालयात, लेखी, पोच घेऊन. तारखांची यादी जोडली की ‘नागरिकांची नाराजी’ हा मोघम शब्द बाजूला पडतो आणि अधिकाऱ्याला ठोस उत्तर द्यावं लागतं. सरकारी कागद पाहण्याचा हक्क अनेक देशांत कायद्याने मिळालेला आहे. स्वीडनने तो १७६६ सालीच दिला होता. आपल्याकडे तसा कायदा असेल तर नेमका कागद मागा: सफाईची तारीख, बिल, पाहणी अहवाल. ‘सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज कुठेच नीट हलत नाही.

जिवाला धोका असेल तर थांबू नका, दोन्हीकडे एकाच दिवशी जा. बातमीदाराला भेटताना तयार मत देण्याऐवजी तारखा, जागा आणि बोलायला तयार असलेली दोन माणसं द्या. त्या माणसांना आधी विचारा. नाव छापून आल्यावर त्यांना शेजारात काय सोसावं लागेल, हे तेच सांगू शकतात.

विद्यार्थ्यांकडून हा उपक्रम करून घ्यायचा आहे. वेगळं काही?

प्रत्येक गटाला एकच जागा द्या आणि किमान सहा आठवडे द्या. एका तासाच्या तासिकेत मुलं ‘कचरा, प्रदूषण, वाहतूक’ अशी पाठ केलेली उत्तरं लिहितात, कारण वेळच तेवढा असतो. शेवटी त्यांना त्या जागेवर घेऊन जा आणि जाण्याआधी प्रत्येकाकडून एक अंदाज लिहून घ्या. परतल्यावर तो अंदाज त्यांनाच तपासू द्या.

वाईट बातम्या वाचून मन थकतं. किती वेळ द्यावा?

आठवड्यातून एकदा, एका बैठकीत, तासभर. रोज नको. आठवड्याचे पेपर एकत्र घेतले की नाट्यमय बातम्यांचा जोर ओसरलेला असतो आणि ‘पुन्हा’ व ‘अद्याप’ हे शब्द आपोआप वर येतात. एक पेन्सिल, एक वही, आणि शक्य असेल तर सोबत वाचणारं एक माणूस, तेही वेगळ्या वस्तीतलं. तुम्ही ज्या बातमीवरून सहज पुढे जाता, तिथे ते थांबेल आणि म्हणेल, ‘‘थांबा, ही माझ्या रस्त्याची आहे.’’